अठ्ठ्याण्णव तासांचं पान

अकरा वर्षं मी लग्नपत्रिका जुळवल्या. गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात, संगणकावर. त्या कामात डोळा हेच भांडवल. पत्रिकेत एक वेलांटी चुकली की नवरीचा मामा सकाळी सकाळी दुकानात हजर, आणि मामा लोकांचा आवाज काय असतो हे ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक. त्यामुळं बघायचं, परत बघायचं आणि तिसऱ्यांदा बघायचं, ही सवय माझ्या हाडीमाशी खिळली. पुढं पत्रिका फोनवरच फिरायला लागल्या, छापखान्याचं काम आटलं, आणि मी अडतिसाव्या वर्षी वेबसाइट बनवायचा कोर्स करून पुंडलिकनगरातल्या एका लहानशा ऑफिसात लागले. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. दुपारी गिरणी सुरू झाली की कीबोर्डवर हरभऱ्याच्या पिठाचा थर बसायचा.

तिथं बाजी होत्या. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण ऑफिसात सगळे त्यांना बाजी म्हणायचे, म्हणजे थोरली बहीण, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. त्या मला ताई म्हणायच्या. दोघींनी एकमेकींना थोरली ठरवून टाकलं होतं, त्यामुळं मानपानाचा प्रश्नच मिटला.

पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला की साइट चालत नाही. मी लगेच ब्राउझर उघडला, साइट उघडली, खालीवर फिरवून बघितली. "चालतीय की चांगली," मी म्हणाले. बाजी माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या होत्या.

"ताई, तुम्ही बघायलात," त्या म्हणाल्या. "बघू नका. विचारा."

मला राग आला. मला राग पटकन येतो, हे आत्ताच सांगून ठेवते. बघू नका म्हणजे काय, डोळे काय शोभेला दिलेत? पण नवी नोकरी होती, म्हणून राग गिळला. बाजींनी आपल्या टेबलावर काळी खिडकी उघडली. नुसती काळी, त्यात पांढरी अक्षरं. त्यात त्यांनी कर्ल असं टाइप केलं, मग एक आडवी रेघ, मग इंग्रजी मोठा आय, मग साइटचा पत्ता, आणि एंटर. पान आलं नाही. फोटो नाही, रंग नाही, काही नाही. आल्या फक्त दहाबारा ओळी.

"हे हेडर," बाजी म्हणाल्या. "पान द्यायच्या आधी सर्व्हर जे बोलतो ना, ते. आपण पान मागितलंच नाही. नुसतं विचारलं, काय देणार आहेस बाबा? कधीचं आहे? किती दिवस ठेवू?"

त्या ओळींत सर्व्हरनं सरळ सांगून टाकलं होतं की साइट आता दुसऱ्या पत्त्यावर आहे, तिकडं जा. बाजींनी तो दुसरा पत्ता विचारला. तो म्हणाला, पहिल्या पत्त्यावर जा. तहसीलमध्ये होतं तसं, या टेबलावरून त्या टेबलावर आणि त्या टेबलावरून या टेबलावर. माझ्या ब्राउझरनं साइटचं जुनं पान जपून ठेवलं होतं आणि तेच मला दाखवत होता. मी बघत होते आणि तरी मला काही दिसत नव्हतं. गिऱ्हाईक बिचारं खरं बोलत होतं.

त्या दिवसापासून मी बाजींच्या प्रेमात पडले, असं म्हटलं तरी चालेल. त्यांना संगणक येत होता म्हणून नव्हे. तो आजकाल सगळ्यांना येतो. त्यांना विचारायला यायचं, ते मला भावलं. गिऱ्हाईक कितीही तापलेलं असो, ऑफिसात कितीही आरडाओरडा होवो, बाजी आधी ती एक ओळ टाइप करायच्या आणि हाताची घडी घालून उत्तर वाचायच्या. सावकाश, वरून खाली. कुठली ओळ आहे ते तर बघायच्याच, पण कुठली ओळ असायला पाहिजे होती आणि नाही, तेही त्यांना कळायचं. मला त्या सगळ्या सारख्याच दिसायच्या. हळूहळू मलाही अर्थ लागायला लागला. दोनशे म्हणजे ठीक. चारशे चार म्हणजे असं पानच नाही. पाचशे म्हणजे घरात आग लागलीय. तारखेची ओळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं चालायची, ती मनातल्या मनात पुढं आणायला मी शिकले. सुरुवातीला बोटं मोजून.

बाजी खुलताबादच्या. वडिलांची सीताफळाची, पेरूची गाडी होती. एकदा मी विचारलं, हे असं न बघता ओळखायचं तुम्हाला कुणी शिकवलं? त्या हसल्या. "अब्बांनी. त्यांना कम्प्युटरचा क पण येत नव्हता. पण सीताफळ कधी फोडून बघायचे नाहीत. देठ बघायचे, डोळे किती उघडलेत ते बघायचे, झालं. म्हणायचे, फोडून तर कुणीपण सांगेल."

बाजींचा एक रिवाज होता. रोज सकाळी दहाला त्या आमच्या सगळ्या साइटींना एकापाठोपाठ एक विचारायच्या आणि जे हेडर येतील ते त्या दिवसाच्या तारखेच्या फाइलमध्ये साठवून ठेवायच्या. याला त्या हजेरी म्हणायच्या. पाच मिनिटांचं काम. चहा यायच्या आत संपायचं. चांगलं चाललेलं असतानाही त्या हजेरी घ्यायच्या, आणि मला ते कधीकधी अतीच वाटायचं. रोज दोनशे, दोनशे, दोनशे. त्यात काय वाचायचं?

आता मूळ गोष्टीवर येते.

शहरातल्या एका नर्सिंग कॉलेजची साइट आमच्याकडं होती. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. प्रवेशाचे दिवस होते. आणि माझी भाची, माझ्या थोरल्या बहिणीची पोर, तिनं त्याच कॉलेजात अर्ज भरला होता. आक्का गंगापूरजवळ एका खेड्यात दिलेली. पोरीला नर्सच व्हायचं होतं, दुसरं काही नाही. गावातल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंच्या मागं मागं फिरून तिनं बीपी बघायला शिकून घेतलं होतं, आणि मी गेले की माझं बघायची. माझं जास्तच यायचं. पहिल्या यादीत तिचं नाव आलं नाही. दुसऱ्या यादीवर सगळ्यांचे डोळे लागले होते.

त्याच सुमारास कॉलेजच्या प्राचार्य मॅडमची तक्रार आली की साइट फार हळू उघडते. बाजी सोमवारपासून चार दिवस सुट्टीवर होत्या, मामेबहिणीच्या लग्नाला. जाताना मला म्हणाल्या, "ताई, हजेरी तेवढी घेत जा." मी म्हणाले, हो हो, काळजीच करू नका. आणि सोमवारी सकाळी दहाला, आपणही काहीतरी करून दाखवावं म्हणून, मी सर्व्हरवर एक सोय चालू केली. बाहेरून कुणी पान मागितलं तर सर्व्हरनं दरवेळी नव्यानं पान बनवायचं नाही. एकदा बनवलेल्या पानाची प्रत दाराशी ठेवायची आणि तीच सगळ्यांना द्यायची. सात दिवस. आम्ही आतली माणसं, आमचं लॉगिन कायम असायचं. आम्हाला मात्र ताजं पान. साइट अशी पळायला लागली की मॅडमनी स्वतः फोन करून शाबासकी दिली. मी दिवसभर गालातल्या गालात हसत होते.

हजेरी? मी रोज ब्राउझर उघडून सगळ्या साइटी नजरेखालून घालत होते. म्हटलं, तेच ते.

बुधवारी अकराला कॉलेजनं दुसरी यादी पाठवली. नऊ मुलींची नावं, खाली प्रतीक्षा यादी. त्याच पानावर जुनी यादी काढून मी नवी टाकली आणि उघडून बघितली, झकास दिसत होती. भाचीचं नाव नऊ जणींत नव्हतं. प्रतीक्षा यादीत तिसरी होती. नऊ जणींनी शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलींना जाणार. कॉलेज कुणाला वेगळा फोन करणार नव्हतं, तसं साइटवर ठळक लिहिलं होतं.

मी आक्काला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आगं, पण पोरीच्या फोनवर तर अजून जुनीच यादी दिसायलीय."

"तुमच्या तिथं रेंज नाय, त्याला मी काय करू?" मी म्हणाले. "मी हितं डोळ्यांनी बघतीय ना!"

आक्कानं फोन ठेवला. मी तिच्याशी असंच बोलते, तिला सवय आहे.

शुक्रवारी बाजी परत आल्या, जरा उशिराच, मेंदी लावलेल्या हातांनी. साडेअकराच्या सुमाराला आक्काचा फोन. ती रडत होती. मला आधी वाटलं कुणीतरी गेलं.

"आगं, चार जणी आल्याच नायत! मी कॉलेजात फोन लावला व्हता. क्लार्क म्हणला, नवातल्या पाच आल्या, चौघींचा पत्ता नाय. पाचला बंद करणार म्हणं. आपली तिसरी हाय, बाई. तिसरी! लागला नंबर पोरीचा."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरात आईनं दुसऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहात झाडझूड करून आम्हा दोघींना दहावीपर्यंत ओढलं. आक्काचं शिक्षण तिथंच थांबलं, माझं थोडं पुढं रेटलं. आता तिसऱ्या पिढीत एक पोर पांढऱ्या कपड्यांत उभी राहणार होती. मी फोन ठेवला आणि नाक पुसलं. बाजी त्यांच्या टेबलावरून म्हणाल्या, "ताई, चार दिवसांच्या हजेरीच्या फाइली कुठं ठेवल्या?"

"घेतल्या नाहीत," मी म्हणाले. "पण रोज बघत होते."

त्यांचं हे एक आहे, त्या कुणाला टाकून बोलत नाहीत. त्यांनी हजेरी सुरू केली. एकेक साइट. नर्सिंग कॉलेजच्या यादीच्या पानाशी आल्या आणि थांबल्या. हाताची घडी घातली.

"हे पान इतकं जुनं कसं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मी उठून मागं उभी राहिले. दोनशेची ओळ होती, सगळं ठीक. पण खाली वयाची ओळ होती. दाराशी ठेवलेली प्रत किती सेकंद जुनी आहे, ते सर्व्हर त्या ओळीत सांगतो. तीन लाख बावन्न हजार आठशे. बाजींनी छत्तीसशेनं भागलं. अठ्ठ्याण्णव तास. मग बोटांनी मागं मोजत गेल्या. आज शुक्रवार, दुपारचे बारा. चार दिवस मागं, सोमवार दुपारचे बारा. अजून दोन तास मागं.

"सोमवार, सकाळी दहा," बाजी म्हणाल्या. "यादी कधी लागली?"

"बुधवारी."

बाजींनी आता लॉगिनशिवाय पूर्ण पान मागवलं. आली ती जुनी यादी. पहिली. बाहेरच्या जगाला बुधवारपासून ही जुनी यादीच दिसत होती. आम्हाला नवी, त्यांना जुनी. पाच जणी शहरातल्या असतील, कॉलेजच्या बोर्डावर बघून गेल्या असतील. उरलेल्या चौघींनी खेड्यापाड्यात फोनवर यादी उघडली, आपलं नाव नाही बघितलं आणि फोन ठेवून दिला. जशी माझ्या भाचीला जुनी यादी दिसली, तशीच त्यांनाही. आणि मी म्हणत होते, रेंज नाय.

बाजींनी अर्धा तास खटपट करून दाराशी ठेवलेली प्रत पुसून टाकली आणि पुन्हा विचारलं. वय शून्य. ताजं पान. मला जरा हायसं वाटलं.

"पान तर बरोबर झालं," बाजी म्हणाल्या. "पण त्या पोरींचं बघून झालंय ना. नाव नाही म्हटल्यावर परत कोण बघतं? कॉलेजला सांगावं लागेल." त्यांनी घड्याळ बघितलं, साडेबारा होऊन गेले होते. "मी नमाज पढून येते, दहा मिनिटं. मग फोन लावू." आणि त्या आतल्या खोलीत गेल्या.

खालची गिरणी बंद होती, शुक्रवारी तिला सुट्टी असते म्हणून. इतकं शांत मी ते ऑफिस कधी ऐकलं नव्हतं.

मी खोटं बोलणार नाही. त्या दहा मिनिटांत माझ्या मनात जे आलं ते सगळं सांगते. आता पान बरोबर आहे. आता कुणीही विचारलं तर सर्व्हर ताजंच सांगणार. ते अठ्ठ्याण्णव तास फक्त या काळ्या खिडकीत उरलेत, आणि खिडकी बंद केली की गेले. हजेरीच्या फाइली नाहीतच, मीच घेतल्या नाहीत. बाजी बाहेर आल्यावर म्हणायचं, मॅडमचा फोन लागत नाही. मग म्हणायचं, मीटिंगमध्ये आहेत. पाच कसेही वाजतात. माझी चूक झाकली जाईल आणि पोरीला जागा मिळेल. मी काही चोरी करत नव्हते, मला फक्त गप्प बसायचं होतं. रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील मी जरा जोरातच म्हणते. गप्प बसणं त्यात येतं का, हे विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

आणि मग मी पुन्हा त्या ओळी वाचल्या. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सवय लागली होती म्हणून असेल. दोनशे. तारीख. वय, तीन लाख बावन्न हजार आठशे. ठेवायची मुदत, सहा लाख चार हजार आठशे, म्हणजे सात दिवस, माझ्या हातानं घातलेली. सर्व्हरनं काही लपवलं नव्हतं. चार दिवस तो जुनं पान देत होता आणि प्रत्येकाला, जो विचारेल त्याला, हे जुनं आहे असं सांगतही होता. त्याला कुणी विचारलं नाही, एवढंच. विचारायचं काम माझं होतं. मला त्या यंत्राची लाज वाटली, म्हणजे त्याच्यापुढं माझी वाटली. त्याला कुणी भाची नव्हती हे खरं. पण असती तरी त्यानं तेच सांगितलं असतं.

मी त्या ओळी फाइलमध्ये साठवल्या, छापल्या आणि कॉलेजला फोन लावला.

बाजी ओढणी नीट करत बाहेर आल्या तेव्हा मी प्राचार्य मॅडमशी बोलत होते. "चूक कुणाची?" मॅडमनी विचारलं. "माझी," मी म्हणाले. "तसं लेखी घेऊन या." मी स्कूटी काढली.

मॅडम जुन्या वळणाच्या, केसांचा घट्ट अंबाडा, टेबलावर एक कागद इकडचा तिकडं नाही. त्यांनी माझा छापील कागद हातात घेतला आणि मी एकेक ओळ समजावून सांगायला लागले. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "वेळ आहे, काय दिलं ते आहे, किती वेळ ठेवलं ते आहे. पेशंटचा चार्ट असाच असतो. चार्ट मला वाचता येतो." त्यांनी तो स्वतः वाचला, वरून खाली, बाजी वाचतात तसाच सावकाश. मग क्लार्कला बोलावून सांगितलं, चौघींना आत्ता माझ्यासमोर फोन लावा, मुदत सोमवार पाचपर्यंत. मला म्हणाल्या, "हे तुम्ही आणलं नसतं तर मला कळलं नसतं." त्यात कौतुक होतं की दम, मला समजलं नाही. प्रतीक्षा यादीतली तिसरी माझी कोण लागते, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते सांगून मोठेपणा मिरवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी बाजींना मात्र सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आक्काचा आवाज लई मोठा आहे, ताई. माझ्या टेबलापर्यंत येतो."

"म्हणजे तुम्हाला नमाजाला जायच्या आधीच माहीत होतं?"

"हौ."

"आणि मी खिडकी बंद करून टाकली असती तर?"

"तर मी आल्यावर फोन केला असता. जीभ तर माझ्याकडं होती ना." कप पुन्हा उचलून म्हणाल्या, "पण मी केला असता तर तुम्ही माझ्याशी पहिल्यासारखं बोलला नसता. म्हटलं, दहा मिनिटं द्यावी."

काय माणूस आहे बघा. मी असते तर तिथंच उभी राहून समोरच्याला फाडून खाल्लं असतं, आणि वर म्हणाले असते की मी खरं बोलते. बाजींनी मला माझ्या चुकीसकट एकटीला सोडलं, आणि विश्वास टाकला असंही तोंडानं म्हटलं नाही. त्यानंतर हजेरी मी एक दिवस चुकवलेली नाही. त्या असल्या तरी मीच घेते.

सोमवारी चौघींतल्या तिघी आल्या. चौथीनं दुसरीकडं प्रवेश घेतला होता. ती एक जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिलीला गेली. भाची तिसरीच राहिली, आणि ती यादी तिथंच संपली.

पुढच्या रविवारी मी गंगापूरला गेले, तिथून जीपनं आक्काच्या गावी. फोनवर सांगायची माझी छाती नव्हती. आक्कानं भाकरी केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. जेवण झाल्यावर मी दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सोमवारी सकाळी दहापासून शुक्रवारी दुपारच्या बारापर्यंत. शेवटी आक्का म्हणाली, "तुझ्या जागी मी असते तर गप बसले असते. आन् पोरीच्या पगाराची भाकर मला जन्मभर गोड लागली असती. मी काय तुझ्यायवढी शिकलेली नाय." मग उठून भांडी गोळा करायला लागली. मला राग आला नाही. तिचं काही चुकलंच नव्हतं.

भाची मला जीपपर्यंत सोडायला आली. माझी पिशवी तिनं घेतली होती. वाटेत म्हणाली, "मावशी, त्या तिघींना कळलं का, की त्या बाहेर पडणार होत्या?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांना वाटतंय यादीच उशिरा लागली."

"हां," ती म्हणाली. "फोन केलास ते बरोबर केलंस. मी पण केला असता." थोडं अंतर चालून पुन्हा म्हणाली, "पण मला कशाला सांगितलंस? नंबर लागला नाय एवढंच माहीत असतं, तर ते माझं नशीब व्हतं. आता मला माहिताय की लागला व्हता, आन् तू काढला. आता मला तुझं तोंड बघितलं की तेच आठवणार."

मी चालता चालता थांबले. पान जुनं आहे हे सर्व्हर ज्यानं विचारलं त्यालाच सांगतो. पोरीनं मला काहीच विचारलं नव्हतं. माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी ते तिच्या डोक्यावर ठेवलं होतं आणि त्याला खरेपणा म्हणत होते. सतरा वर्षांची पोर, तिनं ते एका दमात ओळखलं. मी म्हणाले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "हां, चुकलं."

जीप भरत आली होती. तिनं माझी पिशवी टपावर दिली, आत वाकून दोन माणसांना सरकायला लावलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "काका, मावशीला खिडकीपाशी बसवा. तिला गाडी लागती."